फुकट तिकीटसुद्धा मागून घ्या! एसटीचं मशीन कोणाला मोजतं आणि कोणाला नाही?

मागच्या सुट्टीत मी, आई आणि आजी कन्नडहून संभाजीनगरला निघालो होतो. आजीचे डोळे तपासायचे होते. साधी लालपरी, खिडकीची सीट आजीला. कंडक्टर आले. आजीने पदराच्या गाठीतून आधार कार्ड काढून दाखवलं. मशीन किरकिरलं आणि तीन तिकिटं बाहेर आली. माझं पूर्ण, आईचं अर्धं आणि आजीचं शून्य रुपयांचं.

आजी म्हणाली, "फुकट हाय ना ते? मग कागद कशाला खराब करतो बाबा?"

कंडक्टर हसून म्हणाले, "आजी, फुकट तुम्हाला आहे. मला हिशोब द्यावा लागतो. ठेवा जपून."

आजीने तिकीट घडी करून बटव्यात ठेवलं. माझ्या डोक्यात मात्र तो 'हिशोब' अडकला. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. रोजचं कामच डेटाचं आहे, म्हणजे कुठली गोष्ट नोंदली जाते, कुठली सुटते आणि सुटलेल्या गोष्टीमुळे निर्णय कसा चुकतो हे बघण्याचं. एसटीच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या गावाच्या संध्याकाळच्या गाडीपर्यंत येतो. म्हणून आज नीट उलगडून बघू.

आधी तिकिटाचं गणित

एसटीचं भाडं किलोमीटरवर नाही, टप्प्यावर ठरतं. एक टप्पा म्हणजे ६ किलोमीटर. २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ झाली आणि साध्या बसचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला.

कन्नड ते संभाजीनगर अंतर साधारण ६० किलोमीटर, म्हणजे ढोबळमानाने १० टप्पे. त्याचे झाले १०० रुपये ५० पैसे. (वर अपघात सहायता निधीचा रुपया आणि पूर्णांक करणं असतं, ते सोडून देऊ.)

आता आम्हा तिघींचा हिशोब:

- मी : वरचं भाडं सवलतीशिवायचं. म्हणजे मला सवलत नाही असं धरलं, तर १००.५०.
- आई : महिला सन्मान योजना, ५० टक्के. म्हणजे ५०.२५.
- आजी : अमृत ज्येष्ठ नागरिक योजना, वय ७५ च्या वर. म्हणजे ०.

थांबा, पहिल्या ओळीत गडबड आहे. मीही बाईच आहे! १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. मग माझं पूर्ण तिकीट कसं आलं? तर त्या दिवशी मी मोबाईलमध्ये डोकं घालून "एक संभाजीनगर" म्हणाले, कानात हेडफोन, अंगात हुडी, डोक्यावर टोपी. कंडक्टरांनी पूर्ण फाडलं, मीही न बघता यूपीआय केलं. हतनूर गेल्यावर लक्षात आलं. चूक माझीच होती. तिकीट हातात पडल्यावर वाचायचं असतं, हा पहिला धडा मला माझ्याच ५० रुपयांत मिळाला.

असो. तिघींच्या प्रवासाची पूर्ण किंमत धरली तर ३०१ रुपये ५० पैसे. आम्ही दिले १५० रुपये ७५ पैसे. बरोबर अर्धे. मग उरलेले अर्धे कुठून येतात?

उरलेले पैसे कोण देतं?

राज्य सरकार. सवलत सरकार जाहीर करतं आणि त्या सवलतीची रक्कम एसटी महामंडळाला सरकारने द्यायची असते. याला 'सवलत मूल्याची प्रतिपूर्ती' म्हणतात. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आला, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट आहेच, मग महिलांचं अर्धं तिकीट आलं. विद्यार्थी, दिव्यांग, गंभीर आजारांचे रुग्ण अशा कितीतरी सवलती आधीपासून आहेत.

म्हणजे एसटीला आता दोन ग्राहक आहेत. एक तुम्ही-आम्ही, जे गाडीतच पैसे देतो. दुसरा सरकार, जे मागून बिल भरतं. आणि दुसऱ्या ग्राहकाला बिल दाखवायचं तर पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे आजीच्या बटव्यातलं शून्य रुपयांचं तिकीट.

आजीने "कागद नको" म्हटलं आणि कंडक्टरांनी ऐकलं असतं, तर आजीचे पैसे वाचले असतेच. पण सरकारी कागदावर ती त्या बसमध्ये बसलीच नव्हती. एसटीला तिचे १०० रुपये कोणाकडेच मागता आले नसते.

दुसऱ्या राज्यांतही हेच आहे. दिल्लीत २०१९ पासून महिलांना मोफत प्रवासासाठी गुलाबी तिकीट सुरू झालं. तमिळनाडूने २०२१ मध्ये साध्या शहरी बसमध्ये महिलांना मोफत प्रवास दिला. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजना आहे, तिथेही बाईला शून्याचं तिकीट फाडून दिलं जातं. प्रवास फुकट असला तरी तिकीट सगळीकडे आहे. कारण मोजणी तिकिटावर चालते.

मशीनच्या पोटात काय असतं?

पूर्वी कंडक्टरच्या हातात तिकिटांचा ट्रे आणि पंच असायचा. आता हातात अँड्रॉइडवर चालणारं तिकीट मशीन असतं. त्यात ढोबळमानाने असं घडतं:

१. फेरी सुरू होताना मार्ग आणि फेरी निवडली जाते. मशीनला सगळे थांबे आणि टप्पे माहीत असतात.
२. कुठून, कुठे, किती माणसं आणि सवलतीचा प्रकार कुठला, हे कंडक्टर टाकतात.
३. मशीन भाडं काढतं, तिकीट छापतं आणि नोंद स्वतःकडे साठवतं.
४. नेटवर्क मिळालं की नोंदी सर्व्हरकडे जातात. रेंज नसली तरी तिकीट निघतं, कारण नोंद आधी मशीनमध्येच राहते.

यूपीआयचं मात्र असं नाही. तिथे तुमचा मोबाईल, बँक आणि मशीन या तिघांचं एकाच वेळी जुळावं लागतं. गौताळ्याच्या जंगलाला लागून जाणाऱ्या रस्त्यांवर रेंज येते-जाते, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. म्हणून खेड्याच्या गाडीत बसताना खिशात सुट्टे पन्नास रुपये असू द्या. डिजिटल इंडियावर विश्वास ठेवा, पण घाट उतरल्यावर.

तर प्रत्येक तिकिटामागे वेळ, चढायचा थांबा, उतरायचा थांबा, प्रकार आणि रक्कम एवढी नोंद तयार होते. राज्यभर रोज ५० लाखांच्या वर लोक एसटीने जातात. वाहतुकीचं नियोजन करणाऱ्यासाठी हा डेटा म्हणजे सोनं आहे.

पण या सोन्यात एक भेसळ आहे. ती समजून घेणं हा या लेखाचा खरा मुद्दा.

'आउट ऑफ स्टॉक' म्हणजे 'मागणी नाही' असं नव्हे

समजा, तुम्ही ऑनलाइन दुकान चालवता. एक बूट आहे, ८ नंबरचा. गेल्या महिन्यात त्याची विक्री शून्य. तुम्ही काय म्हणाल? कोणाला नको आहे, बंद करा.

पण कोणीतरी सांगितलं की महिनाभर तो बूट गोदामातच नव्हता, तर? मग विक्री शून्य असण्याचा आणि मागणीचा काही संबंधच राहत नाही. लोक आले, बघितलं, 'आउट ऑफ स्टॉक' वाचलं आणि दुसरीकडे गेले. म्हणून चांगल्या ॲपमध्ये 'आल्यावर कळवा' असं बटण असतं. घेता आलं नाही, पण हवं होतं, अशा माणसांची नोंद त्या बटणामुळे राहते.

थांब्यावर असं बटण नाही.

मशीन बसमध्ये चढलेल्या माणसाला मोजतं. गाडी भरून गेली म्हणून राहिलेला, गाडी आलीच नाही म्हणून जीपने गेलेला, गाडी नाही म्हणून घरातून निघालाच नाही, असा माणूस कुठल्याच मशीनमध्ये नसतो.

याचा सगळ्यात मोठा नमुना आपण सगळ्यांनी बघितलाय. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कित्येक मार्गांवर महिनोन्महिने तिकिटं जवळजवळ शून्य. मग त्या काळात कन्नड तालुक्यात कोणाला दवाखान्यात जायचं नव्हतं? बाजाराला, कोर्टाला, परीक्षेला जायचं नव्हतं? सगळं होतं. लोक जीपच्या टपावर बसून गेले, कोणाची मोटारसायकल मागून गेले, काही गेलेच नाहीत. तिकिटाचा आकडा शून्य झाला होता, गरज तिथेच होती.

संपाच्या वेळी हे सगळ्यांना कळत होतं, कारण कारण डोळ्यांसमोर होतं. पण एखाद्या गावाची एकच फेरी आठवड्यातून दोनदा चुकते, तेव्हा हाच प्रकार छोट्या प्रमाणात होतो आणि तो कोणाला दिसत नाही.

एका फेरीचं उदाहरण

आता एक काल्पनिक गाव घेऊ. कन्नडपासून १८ किलोमीटर. संध्याकाळी कन्नडहून सुटणारी एक गाडी, ४४ सीटची.

त्या गाडीत ९ माणसांनी तिकीट काढलं. आणखी २० मुली पासवर बसल्या. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे. इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. २०२४ च्या जूनपासून पास शाळेतच देण्याची मोहीमही सुरू झाली, ही फार चांगली गोष्ट झाली.

पण पास दोन गावांमधल्या प्रवासाचा असतो, ठरावीक फेरीचा नाही. पास दाखवला, कंडक्टरने मान हलवली, मुलगी आत. जिथे पासाची नोंद फेरीवार होत नाही, तिथे मशीनला काय दिसेल?

- मशीनला दिसलेली माणसं : ९. म्हणजे गाडी २० टक्के भरलेली.
- प्रत्यक्षातली माणसं : २९. म्हणजे गाडी ६६ टक्के भरलेली.

बस चालवणारी कुठलीही संस्था प्रत्येक फेरीचे दोन आकडे बघते. एक भारमान, म्हणजे क्षमतेच्या मानाने किती माणसं. दुसरा प्रति किलोमीटर उत्पन्न. २० टक्क्यांची फेरी म्हणजे तोटा, ६६ टक्क्यांची फेरी म्हणजे बऱ्यापैकी चाललेली गाडी. गाडी तीच, माणसं तीच. फक्त मोजणी बदलली.

आता पुढचं बघा. फेरी 'कमजोर' ठरली की गाड्या कमी असलेल्या दिवशी पहिली कात्री तिलाच लागते. गाडी आठवड्यातून दोनदा आली नाही की तिकीट काढणारी ९ माणसं जीपला लागतात, कारण त्यांना घरी पोचायचंय. पुढच्या महिन्यात मशीनला ५ दिसतात. मग फेरी आणखी कमजोर. शेवटी कागदावर वाक्य येतं, 'प्रवाशांचा प्रतिसाद नाही.' कोणी खोटं बोललं नाही, आकडेही खरे आहेत, पण निष्कर्ष चुकला.

जीपला पैसे लागतात आणि मुलींचा पास तिथे चालत नाही. त्यामुळे त्या २० मुली जीपने जात नाहीत. काही सायकलवर येतील, काहींना मोटारसायकलवर भाऊ आणायला येईल आणि काही घरी बसतील.

मी हे बाहेरून सांगत नाहीये. आमचं गाव पिशोरच्या पुढे. अकरावी-बारावी मी पासवर केली. प्रॅक्टिकल साडेपाचला संपायचं आणि गाडी पाचला निघायची. यात दोष कोणाचाच नव्हता, दोन वेळापत्रकं एकमेकांना कधी भेटलीच नव्हती. बाबांची अट एकच, "दिवसाउजेडी घरात." मग मी प्रॅक्टिकल अर्धवट सोडून पळायचे. एकदा सरांनी विचारलं, "तुला केमिस्ट्री आवडत नाही का?" आवडत होती. पण गाडी पाचची होती. माझ्याबरोबरच्या दोघी तर पाचलाही नको म्हणून दुपारीच निघायच्या, आणि बारावीला त्या विज्ञान सोडून कलेला होत्या.

हा आकडा कुठल्या मशीनमध्ये आला असेल?

ॲपवर बस दिसते, मग झालं ना?

२०२५ मध्ये 'आपली एसटी' ॲप आलं. गाडी कुठे आहे ते मोबाईलवर बघता येतं. थांब्यावर तासभर उभं राहणाऱ्या माणसाला याचं मोल विचारा. पण हे चालतं कसं आणि चुकतं कुठे, हेही माहीत हवं.

बसमध्ये जीपीएसचं यंत्र असतं. सार्वजनिक प्रवासी वाहनांच्या अशा यंत्रांसाठी देशात 'एआयएस १४०' नावाचं मानक आहे. त्यात ठिकाण पाठवणं, रेंज नसताना नोंद साठवून ठेवणं आणि आणीबाणीचं बटण असणं हे सगळं येतं. यंत्र थोड्या थोड्या वेळाने 'मी इथे आहे' असं सर्व्हरला सांगतं. सर्व्हर ते ठिकाण मार्गावर बसवतो, वेग बघतो आणि पुढच्या थांब्यावर किती मिनिटांत पोचेल याचा अंदाज देतो.

यात तीन ठिकाणी गडबड होऊ शकते.

पहिली, गाडी आणि फेरी यांची जोडी. जीपीएस फक्त गाडीचा नंबर ओळखतं. ती गाडी आज कोणत्या गावाला चाललीय, हे माणसाला सिस्टिममध्ये सांगावं लागतं. आयत्या वेळी गाडी बदलली आणि ते बदललं नाही, तर नकाशावर दिसणारी बस खरी असते, पण तुमची नसते.

दुसरी, रेंज. नोंद साठवून नंतर पाठवली तर ती रेकॉर्डला उपयोगी, पण आत्ता थांब्यावर उभ्या असलेल्याला नाही.

तिसरी, रस्ता. अंदाज नेहमीच्या वेगावर काढला जातो. आणि आपल्याकडे औट्रम घाट आहे! कन्नडला रेल्वे नाही, चाळीसगावची रेल्वे गाठायची तर हा घाट उतरावाच लागतो. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस दरडी कोसळून घाट बंद पडला, तेव्हा नकाशावर रस्ता होता आणि जमिनीवर चिखल. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने अवजड वाहनांना घाटात बंदी आली. त्याआधी एक ट्रक बंद पडला की मागे किती तास, याचा अंदाज कुठल्या अल्गोरिदमने दिला असता?

म्हणून ॲपवर 'बारा मिनिटं' दिसलं की ते भविष्य समजू नका. गेल्या काही मिनिटांच्या हालचालीवरून काढलेला तो अंदाज आहे.

पण माझ्या मते या यंत्रणेचा मोठा उपयोग वेगळाच आहे. जीपीएसची जुनी नोंद बघितली तर कुठली फेरी खरंच झाली, किती उशिरा झाली, कुठल्या गावापर्यंत गेली आणि कुठून परत फिरली, हे सगळं कळतं. म्हणजे 'प्रतिसाद नाही' म्हणण्याआधी 'गाडी नियमित होती का?' हा प्रश्न आता विचारता येतो. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर, विक्री बघण्याआधी माल गोदामात होता का ते बघा.

आणि दुसरा उपयोग सर्चचा. एखाद्या ॲपवर लोक 'कन्नड ते अमुक गाव, साडेपाचनंतर' असं शोधतात आणि उत्तर मिळत नाही, तेव्हा तो शोध म्हणजेच आपलं 'आल्यावर कळवा' बटण. कोणाचं नाव-नंबर न ठेवता, नुसते असे फसलेले शोध मोजले तरी कुठे गाडी हवी आहे याचा नकाशा तयार होईल.

दुसरी बाजू

आता एसटीच्या बाजूनेही बघू, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल.

कोविडच्या आधी एसटीकडे १८ हजारांच्या आसपास बस होत्या. नंतर ताफा १५ हजारांच्या आसपास घसरला. महामंडळाचा संचित तोटा १० हजार कोटींच्या वर गेला, हे २०२५ च्या श्वेतपत्रिकेतच आलं. सवलती वाढल्या, बायका मोठ्या संख्येने एसटीकडे परत आल्या, पण त्या प्रमाणात गाड्या नाहीत. अशा वेळी एक गाडी कन्नड–संभाजीनगरला जादा सोडायची की खेड्याच्या मुक्कामी फेरीला ठेवायची, हा खरा प्रश्न असतो. मोठ्या मार्गावर गाडी भरून जाते. खेड्यावर मशीनला ९ दिसतात. डेपोत बसलेला माणूस आकडा बघूनच ठरवणार ना?

कंडक्टरवरही राग काढून उपयोग नाही. खचाखच गाडीत, पुढचा थांबा यायच्या आत, पूर्ण, अर्धं, शून्य असं फाडत, सुट्ट्या पैशांवरून वाद घालत त्यांनी पासवाल्या मुलीही मोजायच्या म्हटलं, तर ते होणार नाही. मोजणी सोपी असेल तरच ती होते. पासावर क्यूआर असेल आणि मशीनसमोर धरला की 'टिंग' झालं, तर होईल. मात्र एक अट हवी. स्कॅन झाला नाही म्हणून मुलीला खाली उतरवायचं नाही. मोजणी प्रवाशासाठी असते, प्रवासी मोजणीसाठी नसतो.

म्हणून धोरणाकडे माझ्या तीनच मागण्या आहेत.

१. फेरी बंद करताना फक्त तिकिटांचा आकडा पुरेसा मानू नये. त्या फेरीची नियमितता आणि पासवरचे प्रवासी, हे दोन आकडे शेजारी लिहावेत.

२. वेळापत्रक आणि गाड्यांचं ठिकाण खुल्या स्वरूपात द्यावं. जगभर यासाठी 'जीटीएफएस' नावाचं साधं स्वरूप आहे. २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलँड शहराची बससेवा आणि गुगलने मिळून ते सुरू केलं. थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा अशा काही टेक्स्ट फाईल, एवढंच. दिल्लीने २०१८ मध्ये बसचा डेटा असा खुला केला. डेटा खुला असला की कॉलेजातली पोरंसुद्धा 'कुठल्या गावाला पाचनंतर गाडी नाही' याची यादी एका दुपारी काढू शकतात.

३. शाळा-कॉलेज आणि आगार यांनी दर जूनमध्ये एकदा वेळापत्रकं समोरासमोर ठेवावीत. याला कुठलंही ॲप लागत नाही. एक टेबल आणि दोन खुर्च्या पुरतात.

तुम्ही काय करू शकता?

- शून्याचं तिकीटही मागून घ्या. आजी-आजोबांना सांगा. तो कागद म्हणजे आपल्या गाडीला पडलेलं एक मत आहे.
- तिकीट वाचा. फेरी, थांबा, सवलत, रक्कम. माझ्यासारखे पन्नास रुपये घालवू नका.
- ज्येष्ठांचं आधार डिजिलॉकर किंवा एम-आधारमध्ये उतरवून ठेवा. एसटीने हे डिजिटल ओळखपत्र ग्राह्य धरलंय. पण फोनची बॅटरी संपते, त्यामुळे कार्डही जवळ असू द्या.
- न चढलेल्यांना मोजा. दोन आठवडे, रोज संध्याकाळी, थांब्यावर किती जण होते, गाडी किती वाजता आली, किती जण राहिले, एवढं वहीत किंवा गुगल शीटमध्ये लिहा. चौदा ओळींची ही यादी शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा जड असते, कारण तिला उत्तर द्यावं लागतं.
- माहिती अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा. मजकूर असा: 'अमुक मार्गावरील मागील तीन महिन्यांतील नियोजित फेऱ्या, प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या आणि रद्द फेऱ्या, कारणांसह, तारीखवार मिळाव्यात.' 'आमच्या गावावर अन्याय का?' असं विचारू नका. त्याला माहिती म्हणत नाहीत, त्याचं उत्तरही येत नाही.
- ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्याला तुमची वही जोडा.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या बारावीच्या एका मुलीने हे दोन आठवडे करून बघितलं. मी तिला फक्त शीटचे रकाने आखून दिले. पहिल्या दिवशी तिने फोन केला, "ताई, जे थांब्यावर आलेच नाहीत त्यांचं काय लिहू?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे गाडी नसते हे माहीत असल्यामुळे ज्या कॉलेजलाच येत नाहीत, त्या."

रोज डेटावर काम करूनही तो रकाना मी आखलाच नव्हता. मग आम्ही शीटला आणखी एक रकाना जोडला, आणि तो भरायला ती थांब्यावर नाही, वर्गातल्या हजेरीपटाकडे गेली.